एका कान्याचा फरक

जळणे आणि जाळणे. लिहिताना या दोन शब्दांत फक्त एका कान्याचा फरक आहे. शाळेत हा फरक आम्ही अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांच्या धड्यात शिकवतो. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, गळणे–गाळणे, आणि त्याच ओळीत जळणे–जाळणे. ‘लाकूड जळते’ या वाक्यात क्रिया लाकडापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ‘तो लाकूड जाळतो’ म्हटले की जळणारे एक आणि जाळणारा दुसरा, असे दोघे वाक्यात येतात. उर्दूत हेच काम शब्दाच्या शेवटाकडे होते : जलना–जलाना, सुलगना–सुलगाना, भडकना–भडकाना. मुले हे दोन दिवसांत पाठ करतात, परीक्षेत गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात.

मोठेपणी मात्र आपण सगळेच हा काना सोयीप्रमाणे गाळतो. जिथे ‘जाळले’ म्हणायला हवे तिथे ‘जळाले’ म्हणून मोकळे होतो. मग जाळणारा वाक्यातून नाहीसा होतो, आणि वाक्यातून गेलेला माणूस हळूहळू जाबाबदारीतूनही सुटतो. शिवारात, मनात, जिभेवर, गावात आणि शेवटी घरात हा काना कुठे कुठे गळतो, ते या लेखात पाहू.

शिवारातला जाळ

आमचे गडमुडशिंगी करवीर तालुक्यातले. कोल्हापूरचा विमानतळ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत दोन्ही जवळ, आणि आजूबाजूला ऊस. अशा गावात विस्तवाचे शब्द कमी पडत नाहीत. चुलीत घालायचे ते ‘जळण’, उठतो तो ‘जाळ’, शेजारी बसल्यावर लागते ती ‘धग’, लाल निखाऱ्यांचा ‘आर’, वर राख आणि आत ऊन असा ‘फुफाटा’. भांड्याला हात लागला की ‘चटका’ बसतो, गरम चहाने जीभ ‘पोळते’, तव्यावर बोट ‘भाजते’, ओले लाकूड ‘धुमसते’, उन्हाने पीक ‘करपते’, वणव्यात झाड ‘होरपळते’. प्रत्येक शब्दाची पायरी ठरलेली आहे. जीभ होरपळली असे कोणी म्हणत नाही आणि वणव्यात झाड पोळले असेही कोणी म्हणत नाही.

गुऱ्हाळावर तर जाळ हीच सगळी विद्या. चुलवाणात वाळलेली चिपाडे घालायची, वर काहिलीत रस उकळत ठेवायचा, मळी काढत राहायचे. जाळ कमी पडला तर पाक येत नाही, जास्त झाला तर गूळ करपून काळा पडतो. म्हणून कोल्हापुरात जाळ हा शब्द वाईट नाही. एखाद्याने झपाट्याने काम उरकले की कौतुकाने म्हणतात, ‘जाळ अन् धूर संगटच!’ आगीवर ज्याचा ताबा आहे, त्यालाच हे कौतुक शोभते.

उसाच्या फडाला आग लागली की मात्र कान्याचा प्रश्न उभा राहतो. वीजवाहिनीची ठिणगी पडून फड पेटतो तेव्हा ऊस ‘जळाला’. तोडणी सोपी व्हावी म्हणून मुद्दाम पेटवला तेव्हा ऊस ‘जाळला’. कारखान्याच्या कागदावर दोन्हींना एकच नाव, ‘जळीत ऊस’. अशा उसाचे वजन आणि साखर दोन्ही भराभर घटतात, म्हणून तो लवकर तोडावा लागतो आणि अनेकदा त्याच्या दरात कपात होते. ‘जळीत’ हा शब्द सांगतो की काहीतरी जळाले. कोणी जाळले, हे तो सांगत नाही. ज्याचा फड ठिणगीने गेला त्याला हा फरक चांगलाच कळतो. आपल्याकडून काही झाले नाही, हे सिद्ध करायला तो पंचनाम्याच्या मागे धावत असतो.

पाचटाचेही तसेच. ऊस गेल्यावर रानात उरलेले पाचट आजही पुष्कळ जण पेटवून देतात. कृषितज्ज्ञ सांगतात की तेच पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर जमिनीत ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि खोडव्याला खत मिळते. विचारले तर उत्तर येते, ‘पाचट जळून गेलं.’ ते आपोआप जळत नाही. आपण जाळतो.

‘माझ्यावर जळतो’

आता शिवारातून मनात येऊ. दोन्ही भाषांत मत्सराला जळण्याचाच शब्द आहे. मराठीत जळफळाट, जळकुकडा, जळून खाक होणे. उर्दूत जलना, जल-भुन जाना. पण एक बारीक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. मराठी माणूस म्हणतो, ‘तो माझ्यावर जळतो.’ उर्दू बोलणारा म्हणतो, ‘वो मुझसे जलता है.’ मराठीत मी फक्त निशाणा आहे. उर्दूतले ‘मुझसे’ जणू सुचवते की आग माझ्यापासून त्याला लागली. आमच्यासारख्या घरांत दोन्ही वाक्ये एकाच ओसरीवर बोलली जातात. त्यांपैकी मराठी वाक्य आम्हाला अधिक खरे वाटते. शेजाऱ्याने घरावर स्लॅब टाकला, भावाच्या मुलीला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला, जावेला उमऱ्याला जायला मिळाले, यांपैकी कोणीही येऊन आपल्या काळजाला काडी लावलेली नसते. इथे क्रियापद खरोखर अकर्मक आहे. जळणाराच जळण आणि जळणाराच जाळ.

हसद नेक कामांना तशीच खाऊन टाकते जशी आग लाकडाला, या आशयाची एक हदीस इमाम अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीबद्दल हदीसतज्ज्ञांनी चर्चा केली आहे. पण एकमेकांची हसद करू नका, ही ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि तिच्याबद्दल वाद नाही. उपमा विचार करण्यासारखी आहे. लाकूड जळते तेव्हा ज्याच्या घराकडे पाहून आपण पेटलो, त्याचे काही जळत नाही. जळते ते आपल्या हिशेबातले.

इस्लामने मात्र दुसऱ्याचे चांगले पाहून मनात उठणारी प्रत्येक इच्छा वाईट ठरवलेली नाही. उर्दूत ‘हसद’ आणि ‘रश्क’ हे दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्याजवळचे जावे असे वाटणे ही हसद. त्याच्याजवळचे त्याला लखलाभ, पण मलाही मिळावे असे वाटणे हा रश्क. मराठीत जवळपास हाच फरक ‘मत्सर’ आणि ‘हेवा’ यांत दिसतो. ‘हेवा वाटावा असे अक्षर’ हे आपण कौतुकानेच म्हणतो. बुखारीतील एका हदीसमध्ये अशा दोघांचा उल्लेख आहे ज्यांच्यासारखे व्हावेसे वाटणे योग्य आहे : एक, ज्याला संपत्ती मिळाली आणि तो ती सत्कार्यात खर्च करतो, दुसरा, ज्याला ज्ञान मिळाले आणि तो त्याप्रमाणे वागतो व इतरांना शिकवतो. महामार्गावर ट्रकच्या मागे लिहिलेले असते, ‘जलो मत, बराबरी करो.’ लिहिणाऱ्या पेंटरला कदाचित ठाऊक नसेल, पण हसद आणि रश्क यांतला फरक त्याने चार शब्दांत सांगून टाकला आहे.

लागली की लावली?

मनातली आग जिभेवर आली की क्रियापद बदलते. इथे दुसरी जोडी भेटते : लागणे आणि लावणे. भात खाली ‘लागला’, सालन ‘लग गया’, हे दोन्ही भाषांत सारखेच बोलतात, आणि चुलीपासून कोणी उठून गेले असेल तरी दोष भातावरच ढकलला जातो. हेच नात्यांच्या बाबतीत होते. ‘दोन्ही घरांत आग लागली’ असे आपण म्हणतो. पण दोन घरांच्या मध्ये कोणीतरी गेलेले असते, इकडचे बोलणे तिकडे आणि तिकडचे इकडे केलेले असते. मराठी अशा माणसाला ‘आगलाव्या’ म्हणते, ‘काडी लावली’ म्हणते. उर्दू ‘लगाई-बुझाई’ म्हणते. हा शब्द अधिक खोचक आहे, कारण आग लावणाराच पुढे पाण्याची बादली घेऊन विझवायलाही हजर असतो, हे त्यात सांगितलेले आहे.

कुरआनच्या १११व्या सूरहमध्ये, सूरह लहबमध्ये, अबू लहबच्या पत्नीचे वर्णन लाकडे वाहणारी असे आले आहे. ‘हतब’ म्हणजे सरपण, आपल्या बोलीतले जळण. भाष्यकारांनी याचे दोन अर्थ सांगितले आहेत. काहींनी ते शब्दशः घेतले : ती काटेरी फांद्या आणून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वाटेवर टाकत असे. काहींनी ते लक्षणेने घेतले : ती चहाड्या करून लोकांत वैराची आग पेटवत असे, आणि अरबीत चहाडी करण्याला जळण वाहणे म्हणण्याची रीत होती. दोन्ही अर्थ तफसीरच्या जुन्या ग्रंथांत शेजारी शेजारी उभे आहेत. विद्यार्थ्यांना वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. घरातल्यांसाठी त्यात एक गोष्ट आहे. जळण वाहणाऱ्याच्या हातात काडीपेटी असेलच असे नाही. तो फक्त लाकडे आणून ठेवतो, पेटवणारा दुसरा कोणी असतो. ‘मी काहीच केलं नाही, फक्त ऐकलेलं सांगितलं’, असे म्हणणाऱ्याने हा शब्द आठवावा.

पेटले आणि पेटवले

घराघरांतली ही लावालावी गावावर गेली की शब्द मोठे होतात. आपल्या भागात ‘जळीत’ हा शब्द उसापुरता नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत ब्राह्मण कुटुंबांची घरे पेटवण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यात भस्मसात झाला. हत्या करणारा एक होता. घरे गेली ती ज्यांचा त्या गुन्ह्याशी संबंध नव्हता अशांची. पुढे या सगळ्याला ‘अठ्ठेचाळीसचं जळीत’ असे नाव पडले. नाव पुन्हा तेच, कोणी केले ते न सांगणारे. घरे जळाली, वाडे जळाले. जाळणारे हात गावातलेच होते, पण ते वाक्यात कुठेच नाहीत.

७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. अशा दिवशी ‘शहर पेटलं’ हे दोन शब्द गावोगावच्या मोबाइलवर पोहोचतात. ते लाक्षणिक असतात, पण वाचणारा ते लाक्षणिक म्हणून वाचत नाही. त्याला धूर दिसू लागतो. त्याचा भाऊ शहरात असतो, दुकान शहरात असते, आणि मग तो घाबरून किंवा चिडून तेच दोन शब्द पुढे पाठवतो. शहर पेटत नाही, पेटवले जाते. चिथावणी देणारा स्टेटस ठेवणारा त्यात आला, दगड उचलणारा आला, आणि घरी बसून बोटाने मजकूर पुढे ढकलणाराही आला. आपल्या मुलांना या तिन्हींपासून दूर ठेवणे हे आपले काम आहे. संदेश पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारायला शिकवावे : हे मी स्वतः पाहिले आहे का, आणि यातले क्रियापद खरे आहे का?

सगळेच जळणे असे नसते. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत गेले. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली सुरू झालेले हे नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्टला केशवरावांची जयंती होती. ते पाहून कोल्हापूरकरांचे काळीज जळाले. एकाच रात्री तोच शब्द इमारतीसाठी वाच्यार्थाने आणि माणसांसाठी लक्षणेने खरा ठरला. त्या दुःखात जात-धर्म कोणी विचारला नाही. आगीची हळहळ सर्वांची असू शकते, हेही या शहराने पाहिले आहे.

‘भाजली’ म्हणजे काय?

आता घरात येऊ. हा भाग लिहायला जड जातो, पण तो टाळून पुढे जाता येणार नाही.

‘भाजणे’ हे मराठीतले चमत्कारिक क्रियापद आहे. त्याला कान्याची जोडीच नाही. ‘तिने भाकरी भाजली’ आणि ‘ती भाजली’, दोन्हीकडे रूप एकच. पहिल्या वाक्यात ती करणारी आहे, दुसऱ्यात सोसणारी. सून दवाखान्यात नेली जाते तेव्हा शेजारीपाजारी हाच शब्द पसरतो : ‘अमक्यांची सून भाजली.’ कशी? ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ भडकाही आपोआप उडणारा. वास्तविक या एका शब्दामागे तीन वेगळी वाक्ये असू शकतात : ती जळाली, तिने जाळून घेतले, तिला जाळले. पहिला अपघात आहे. तिसरा खून आहे. दुसऱ्यातही बहुधा कोणीतरी महिनोन् महिने जळण वाहत असते.

कायद्याने हा फरक ओळखला आहे. १९८६ साली भारतीय दंड संहितेत कलम ३०४-ब आले. आता ते भारतीय न्याय संहितेचे कलम ८० आहे. लग्नापासून ७ वर्षांच्या आत स्त्रीचा भाजून, शारीरिक इजेने किंवा अनैसर्गिक परिस्थितीत मृत्यू झाला आणि मृत्यूच्या आधी हुंड्यासाठी तिचा छळ होत होता असे दाखवता आले, तर नवरा किंवा छळ करणारे नातेवाईक त्या मृत्यूला कारण मानले जातात. शिक्षा किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. म्हणजे अशा वेळी कायदा ‘ती जळाली’ या वाक्यावर थांबत नाही. तो कर्ता विचारतो. १९६१चा हुंडा प्रतिबंधक कायदा आपल्यालाही लागू आहे. त्यातून मेहर तेवढी वगळलेली आहे, कारण ती नवऱ्याने पत्नीला द्यायची असते. आज आपल्या काही घरांत मेहर कागदावर राहते आणि जहेज टेम्पोत भरून येतो. ‘आम्ही मागितलं नव्हतं, त्यांनी दिलं’ हेही कर्ता बदलण्याचेच व्याकरण आहे.

भाजलेल्या व्यक्तीचा मृत्युपूर्व जबाब हा न्यायालयात महत्त्वाचा पुरावा ठरतो. पूर्वी साक्ष्य कायद्याच्या कलम ३२ खाली आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली तो ग्राह्य आहे. आमच्यासारख्या दोन भाषांच्या घरांनी इथे विशेष सावध राहायला हवे. ती बोलणार घरातल्या बोलीत, कागदावर उतरणार मराठी. ‘जल गई’ आणि ‘जला दिए’ यांत एका क्षीण आवाजाचे अंतर असते. ते कागदावर ‘जळाले’ आणि ‘जाळले’ असे वेगवेगळे उतरले पाहिजे. म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, असा आग्रह माहेरच्यांनी धरावा. जबाब होताना सासरचे कोणी उशाशी उभे राहू नये. लेकरांच्या काळजीने ‘स्टोव्ह भडकला’ म्हणणाऱ्या बाया कमी नाहीत.

आणि हे सगळे व्हायच्या आधी काही करता येते. मुलगी माहेरी येऊन म्हणते, ‘जी जलता है’, ‘जीव नकोसा झालाय’, तेव्हा ते नुसते बोलणे समजू नये. ‘सब्र कर’ एवढे सांगून परत पाठवू नये. छळापुढे गप्प बसणे म्हणजे सब्र नव्हे. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकीला पाठ असावेत.

मुंग्यांची वस्ती

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून तो अबू दाऊद यांच्या संग्रहात आला आहे. एका प्रवासात काही सोबत्यांनी मुंग्यांची एक वस्ती जाळली होती. प्रेषितांनी (स.) ती पाहिली आणि विचारले की ही कोणी जाळली. सोबत्यांनी सांगितले की आम्ही. तेव्हा त्यांनी समजावले की आगीची शिक्षा देण्याचा अधिकार आगीच्या मालकाशिवाय कोणालाच नाही.

वस्ती मुंग्यांची होती. ‘जळाली असेल’ म्हणून सहज पुढे जाता आले असते. पण पहिला प्रश्न होता तो ‘कोणी?’. आणि उत्तर देणाऱ्यांनी ‘वारूळ पेटलं होतं’ असे म्हटले नाही. ‘आम्ही’ म्हटले. जाळलेल्या मुंग्यांविषयी जर हा प्रश्न विचारला गेला, तर जाळलेले घर आणि जाळलेली सून यांच्याविषयी तो किती पटींनी विचारला जाईल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

शेवटी एका चांगल्या शब्दाबद्दल. फारसीतून उर्दूत आलेल्या ‘सोज’ या शब्दाचा अर्थ जळण, दाह. त्यापासून झालेला ‘दिलसोजी’ हा शब्द शब्दशः घेतला तर ‘हृदय जळणे’. पण त्याचा अर्थ हसद नाही, राग नाही. दिलसोजी म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने आपले मन पोळणे, मराठीतला कळवळा. आई लेकरासाठी ‘जीव जाळते’ म्हणतात, तेव्हा मराठीही याच अर्थाच्या जवळ येते. म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने जळणेही आपल्या भाषांत आहे आणि दुसऱ्याच्या दुःखाने जळणेही आहे.

या महिन्यात घरातल्या मुलांना एक अभ्यास द्यावा. वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर जिथे जिथे ‘जळाले’, ‘पेटले’, ‘लागली’, ‘भाजली’ दिसेल तिथे खाली रेघ मारायची आणि शेजारी एकच शब्द लिहायचा, ‘कोणी?’ काही ठिकाणी उत्तर ठिणगी असेल, वीज असेल, नुसता अपघात असेल. बाकीच्या ठिकाणी काना घालून वाक्य पुन्हा लिहायचे. व्याकरण तर पक्के होईलच.